सोयाबीनच्या हॉपरसाठी डीईएम: फुकटचं वापरावं की विकतचं?

हॉपरवाला
आमचं छोटं वर्कशॉप, धान्याचे हॉपर (खाली निमुळत्या तोंडाचे कोठे) बनवतो. सोयाबीन तोंडाशी कमान धरून अडतं, ते आधी संगणकावर दिसावं म्हणून डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) ही गणिती पद्धत शिकलो. यात प्रत्येक दाणा वेगळा धरतात आणि दाण्याला दाणा टेकला की लागणारा जोर क्षणाक्षणाला मोजतात. कंडल आणि स्ट्रॅक यांच्या १९७९ च्या पेपरपासून हे चाललंय. माझं मत: आमच्यासारख्यांनी परवान्यावर पैसा घालू नये. लिग्ट्स, मर्क्युरीडीपीएम, याडे (आमच्याकडे त्याला ‘येडं’च म्हणतात) ही डीईएमची सॉफ्टवेअरं सगळी मोफत, सोर्स उघडा. दाणे टेकल्यावरचा जोर काढायचं हर्ट्झचं सूत्र विकत घेतल्याने बदलत नाही.

दाणेदार
‘मोफत’वरच आक्षेप आहे. लिग्ट्सचंच घ्या. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या लॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरवर ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये उभं राहिलं. पुढे ते बनवणाऱ्यांच्याच कंपनीने बंद सोर्सचं, विकतचं अ‍ॅस्फेरिक्स काढलं आणि सार्वजनिक आवृत्ती ३.८ वर रखडली. मी स्वतः इनपुट स्क्रिप्टमधल्या एका ओळीपायी तीन आठवडे घालवलेत. त्या दिवसांचा पगार कुणी धरायचा?

हॉपरवाला
रखडली म्हणजे मेली नाही. जीपीएल हा खुला परवाना आहे, कोड आपल्या हातात. लॅम्प्समधलं ग्रॅन्युलर (दाण्यांसाठीचं) पॅकेज तर अजून वाढतंय. उलट विकतचं ईडीईएम २०१९ मध्ये अल्टेअर कंपनीकडे गेलं, तेव्हा गिऱ्हाइकाला कुणी विचारलं होतं?

खडीवाली
परवान्यावरून भांडताय, पण मॉडेलमध्ये आकडे कुठले घातलेत? शंभर दाणे १२ ग्रॅम धरले तर टनभर सोयाबीन म्हणजे ८३ लाख दाणे. एवढे झेपत नाहीत म्हणून लोक दाणा दुप्पट मोठा करतात, संख्या आठपट घटते. दुसरी युक्ती, यंग मोड्युलस (दाण्याचा कडकपणा) शंभरपट कमी केला की टाइमस्टेप (दोन हिशोबांमधला क्षण) दहापट मोठा घेता येतो. ही दुसरी बहुतेक वेळा खपते. पहिली मात्र तुमच्या कामात घात करते, कारण कमान धरणं तोंड आणि दाणा यांच्या गुणोत्तरावर ठरतं. तोंड किती आहे?

हॉपरवाला
१५ सेंटिमीटर, गोल. दाणा १२ मिमीचा घेतला होता. खरा साधारण ६-७.

खडीवाली
म्हणजे खऱ्या दाण्याच्या वीसपटीहून मोठं तोंड! कोरडा, गोल दाणा तिथे अडायचं कारणच नाही. माल ओला असेल, नाहीतर काडीकचरा असेल. चिकटपणा न घालता चालवलंत तर विकतचंही तुम्हाला ‘सगळं छान वाहतंय’ असंच दाखवेल.

दाणेदार
ताई, हे मान्य. पण विकतच्यात निदान सपोर्टवाल्याने हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारला असता.

खडीवाली
मी विचारलाच की, आणि बिलही लावलं नाही. बादलीभर माल ओतून ढिगाचा कोन मोजा. तो जुळेपर्यंत घर्षणाचे आकडे बदलत राहा, मग हॉपरकडे वळा.

हॉपरवाला
रविवारी मोजतो. ओलावा किती धरू? हमीभावाला १२ टक्के म्हणतात, पण ऑक्टोबरात येणारा माल कुठे तेवढा कोरडा असतो!