लग्नानंतर बी.एड.ला प्रवेश घेतेय, फीमाफीसाठी उत्पन्न कुणाचं धरतात? मदत हवी आहे

नमस्कार. गणित घेऊन बी.एस्सी. केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण यात पुढचं शिक्षण राहून गेलं. सध्या गावाजवळच्या एका खाजगी शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवते आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. शिकवणं मनापासून आवडतं, पण बी.एड. नसल्यामुळे पगार नावापुरता मिळतो आणि पवित्र पोर्टलवरच्या (शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरच्या) भरतीचा विचारही करता येत नाही.

यंदा बी.एड.ची सीईटी (प्रवेश परीक्षा) दिली आणि गुण चांगले पडले. कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत घरापासून जाऊन-येऊन करता येईल असं विनाअनुदानित महाविद्यालय मिळेल असं दिसतंय. माझं वय ३६, प्रवर्ग ओबीसी. सीईटीला वयाची अट नाही, पण शासकीय भरतीला आहे: खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. बी.एड. दोन वर्षांचं, नंतर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी. म्हणजे यंदा राहिलं तर पुढे हातात फार कमी वर्षं उरतात. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

प्रश्न फीचा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के मिळतं. त्याआधी पन्नास टक्के मिळत होतं. प्रवेश कॅपमधून हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत, इथपर्यंत मला स्पष्ट आहे. अडलंय ते पुढच्या अटीवर: कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्यापेक्षा कमी.

यातलं कुटुंब कुठलं? बारावी झालेली मुलगी अर्ज करते तेव्हा तिचं कुटुंब म्हणजे आईवडील, त्यात कुणाला शंका नसते. माझ्यासारखीचं काय?

आमची आकडेमोड सांगते. मिस्टर एमआयडीसीत खाजगी कंपनीत आहेत, वर्षाला साधारण ५ लाख ४० हजार. माझी शाळा आणि शिकवण्या मिळून १ लाख ३० हजार. दोघांचे धरले तर ६ लाख ७० हजार, म्हणजे मी बसते. पण आम्ही एकत्र राहतो, रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर आहे आणि त्यांना वर्षाला ३ लाखांच्या वर पेन्शन येते. ती मिळवली की ८ लाखांच्या बाहेर. आणि माहेरचं धरलं तर वडील शेतकरी, तिथे प्रश्नच येत नाही.

उत्पन्नाचा दाखला काढायला गेले तर केंद्रातले म्हणाले, रेशनकार्डावरची सगळी कमावती माणसं लिहा. महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी केली तर, वडिलांचा दाखला आणा, सगळ्या मुली तोच लावतात. तिसरीकडे कळलं, लग्न झालंय म्हणजे फक्त नवऱ्याचा. तिन्ही ठिकाणी माणसं ठामपणे बोलली, पण कुठल्या नियमाने ते कुणीच दाखवलं नाही. चुकीचा दाखला लावून उद्या अर्ज बाद झाला किंवा मिळालेले पैसे परत भरायची वेळ आली तर ते आम्हाला झेपणार नाही. खोटं काही करायचं नाही, फक्त खरं काय ते आधी कळायला हवं.

आणखी दोन शंका आहेत. एक, महाडीबीटीवरच्या (शिष्यवृत्ती आणि फीमाफीचे अर्ज भरायच्या शासकीय पोर्टलवरच्या) अटींत शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको असं वाचलं. माझा तर दशकाहून मोठा आहे! दुसरी, बी.एस्सी.ला मी ओबीसीची शिष्यवृत्ती घेतली होती. एकदा घेतल्यावर आता पुन्हा मिळते का?

कागदांचंही थोडं. जातीचा दाखला आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार आणि बँक खातं सासरच्या नावाने. जात पडताळणी झालेली आहे. नॉन-क्रिमीलेअर (ओबीसीतल्या उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) जुनं आहे, नवं काढायचंय. त्यातही उत्पन्न कुणाचं हाच प्रश्न येतो.

प्रतिसाद १

ताई, आधी सोपं ते संपवू.

खंडाची अट अभ्यासक्रमाच्या कालावधीतली आहे. बी.एड.चं पहिलं वर्ष केलं आणि मग दोन वर्षं घरी बसलात, असं झालं तर ती आडवी येते. प्रवेशाआधीच्या वर्षांशी तिचा संबंध नाही. त्यांच्यासाठी खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेवढं करून ठेवा आणि अर्जात खंडाबद्दल विचारलं तर खरी वर्षं भरा. ही अट वाचून अर्जच न भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, फार वाईट वाटतं.

आधीची शिष्यवृत्ती आडवी येणार नाही. मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या जुन्या नियमांत मनाई आहे ती त्याच पातळीवर पुन्हा शिकण्याला, म्हणजे बी.ए. झाल्यावर बी.कॉम. किंवा एक व्यावसायिक अभ्यासक्रम संपवून दुसऱ्या व्यावसायिक शाखेत जाणं, जसं बी.एड.नंतर एलएल.बी. बी.एस्सी.नंतर बी.एड. त्यात येत नाही.

आता उत्पन्न. गोंधळ होतो कारण प्रत्येक कागदामागचं कुटुंब वेगळं आहे. नॉन-क्रिमीलेअरला स्त्रीचं लग्न झालं असलं तरी तिच्या आईवडिलांचीच स्थिती बघतात, नवऱ्याची किंवा तिची स्वतःची नाही. शिवाय त्यात पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. म्हणजे तुम्ही माहेरच्या कागदांवर प्रांत कार्यालयाकडून ते काढायचं. वडील शेतकरी, तेव्हा तिथे अडचण दिसत नाही. ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात याच्या उलट: स्वतः अर्जदार, आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडं, नवरा किंवा बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं, असं सगळं कुटुंब २०१९ च्या आदेशात लिहिलंय. तुम्ही ओबीसी, त्यामुळे हा दाखला तुम्हाला लागू नाही, पण फरक कळावा म्हणून सांगितलं.

फीच्या योजनेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर नियमांत मात्र हे सरळ लिहिलेलं होतं की आईवडील हयात असतील तर त्यांचं, आणि विवाहित बेरोजगार विद्यार्थिनी असेल तर नवऱ्याचं उत्पन्न धरायचं. सासरे त्यात कुठेच नाहीत. माझं स्पष्ट मत, वडिलांचा दाखला लावू नका. "सगळ्या लावतात" हा काही नियम नाही आणि त्या सगळ्या बहुतेक अविवाहित असणार. तुम्ही दोघांचं खरं उत्पन्न दाखवा. तरीही योजनेला हे चालेल का, ते जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी नको. अर्जावर पोच घ्या, आणि महाविद्यालयाच्या कार्यालयालाही तीच प्रत द्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून. बी.एड. पूर्णवेळ आहे. त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव) असते, त्यामुळे आताची शाळा सोडावी लागेल असं धरून चला. पण शाळा सोडली म्हणून यंदाच्या दाखल्यातलं तुमचं उत्पन्न शून्य होणार नाही, कारण दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. प्रवास, गणवेश, पाठ टिपणांच्या वह्या, इतर शुल्क हे सगळं आपलंच. ते हिशेबात धरा.

नावाचं आजच बघा. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही असली की बहुतेक ठिकाणी प्रश्न मिटतो. आणि बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते विचारून या. पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. घरात दोन-तीन खाती असली की ते भलत्याच खात्यात जाऊन बसतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खंडाचं ऐकून मोठं ओझं उतरलं. वडिलांचा दाखला लावणार नाही हे मिस्टरांशी बोलून ठरवलंय. नॉन-क्रिमीलेअर माहेरून, उत्पन्नाचा दाखला आमच्या दोघांचा, असं करते. कार्यालयात द्यायचा अर्जही लिहायला घेतलाय. त्यात मिस्टरांचा, माझा आणि सासऱ्यांचा असे तिन्ही आकडे वेगवेगळे मांडते आणि कुठलं कुटुंब धरायचं, ते लेखी कळवा अशी विनंती करते.

एकच राहिलं. रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर असताना फक्त पती-पत्नीच्या उत्पन्नाचा दाखला तलाठी अहवालावर मिळतो का, की आधी कार्ड वेगळं करावं लागतं? सासरे म्हणतात, करून टाक, पण कागदासाठी घर वेगळं दाखवायचं माझ्या जिवावर येतंय. लग्नानंतर एकत्र कुटुंबात राहून कुणी बी.एड., नर्सिंग किंवा विधी शाखेला ही सवलत घेतली असेल, तर दाखल्यावर कुणाची नावं होती ते कृपया लिहा. जिल्हा सांगितला तर आणखी बरं. कॅपची पहिली फेरी जवळ आली आहे.