कचऱ्यावरच्या इंटर्नशिपमधून खरंच काय शिकायला मिळतं?

कोथरूडची_मी:
पुण्यात घनकचऱ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप मिळालीये, आर्किटेक्चरला आहे. घरचे म्हणतात कचऱ्यात काय शिकणार? केलेल्यांनी प्लीज सांगा.

ओलासुका:
खूप काही! आधी लॅपटॉप बाजूला ठेव नि सकाळी कचरावेचक ताईंबरोबर फिर. त्या हातात घेऊन दाखवतात, पाण्याची बाटली वेगळी, तिचं बूच वेगळं, दुधाची पिशवी वेगळी कारण प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट भंगारवाला घेतच नाही कारण प्लास्टिकला चिकटलेला धातूचा थर सुटत नाही. रिपोर्ट वाचून हे इतकं डोक्यात बसत नाही. आणि हो, त्यांची संघटना १९९३ पासून आहे, २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, ते वाचून जा, या बायकांनी हे लढून मिळवलंय.

नदीकाठ:
+१. आर्किटेक्टला तर जास्तच दिसेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोच्या वर कचरा करणारे, म्हणजे मोठ्या सोसायट्या वगैरे, मोठे उत्पादक धरले होते, त्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता, पण प्लॅनवर खताचा खड्डा काढतात पार्किंगच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, ना नळ ना उजेड, मग कोण हलवणार ते खत? पाणी साचलं की वास, अळ्या, आणि महिन्याभरात कुलूप. वर्गीकरणाची जागा आधीच नीट काढायला शीक, प्लीज.

कोथरूडची_मी:
हे कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं! पहिल्याच आठवड्यात सोसायट्यांच्या जागा मोजायला मागते.