मदत हवी आहे: वाळूच्या कन्व्हेयरची चेन आता बदलू की अजून चालवू?

मंडळी, नमस्कार. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मेंटेनन्स बघतो. वाळूच्या कन्व्हेयरला १ इंच पिचची (म्हणजे दोन पिनांमधलं अंतर १ इंच) रोलर चेन आहे. परवा मेन स्विच काढून, कुलूप घालून, चेन ताणून १२ पिच मोजले. नवीन चेनला ३०४.८ मिमी भरतात, इथं ३११ भरले. म्हणजे २ टक्के वाढ. ३ टक्क्यांना बदलायची हे ठाऊक आहे, पण मला काळजी वेगळीच आहे. एक जोड उघडला तर पिनवर तांबूस भुकटी, आणि हाताला खरखर लागली. वरून ग्रीस भरपूर, आत तेलाचा थेंब नाही! आमची पोरं मनापासून ग्रीस थापतात, पण ते आत जातच नाही, उलट वाळू धरून ठेवतं.

आता डिझेलनं धुऊन पातळ तेल सोडावं म्हणतो. पण उडणाऱ्या वाळूत तेल चालेल का? किती तासांनी द्यायचं? आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला हुकासारखे वाकलेत. त्यावर नवी चेन घातली तर तीही लवकर जाईल, असं मला वाटतं. मालक म्हणतात, नुसती चेन बदला. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्रीवाल्यांनी तरी अनुभव सांगा. पट्ट्याखाली दिवसभर माणसं वावरतात हो.