प्रून नोडबद्दल थोडंसं

बिटकॉइनचा नोड म्हणजे त्याचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक; जागा वाचवायला तो जुना डेटा पुसत असेल तर त्याला प्रून केलेला नोड म्हणतात. काही जण म्हणतात की असा नोड म्हणजे अर्धाच नोड. हे पटलं नाही. तोही २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) सगळं उतरवून घेतो, नियम तपासतो आणि मगच जुने ब्लॉक पुसतो. ठेवलेल्या ब्लॉकच्या जागेची मर्यादा ५५० एमबीपर्यंत खाली आणता येते. न पुसता ठेवायचं तर ६०० जीबीहून जास्त जागा लागते. अडचण वेगळीच आहे: जुनं वॉलेट (आपली बिटकॉइन सांभाळणारं पाकीट) नंतर जोडलं की त्याचे जुने व्यवहार शोधायला पुसलेले ब्लॉक पुन्हा उतरवावे लागतात. मी हे करून बसलोय! आणि फिरत्या हार्ड डिस्कवर पहिलं सिंक (सगळे ब्लॉक उतरवून तपासणं) करू नका, एसएसडीच घ्या. नोड चालवून कमाईचं म्हणाल तर शून्य, बक्षीस मायनरला, म्हणजे नवे ब्लॉक बनवणाऱ्याला मिळतं.