मुक्तस्रोत प्रकल्पांतील डिझाइनची चर्चा कुठे व्हावी?

जुनाजाणता (धागाकर्ता): आमच्या छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पातील डिझाइनची चर्चा ईमेल यादीवरून स्लॅक या चॅट-सेवेवर न्यावी, असा प्रस्ताव आला आहे आणि माझा त्याला विरोध आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत बदल सुचवायचा असेल, तर पॅच, म्हणजे कोडमधील बदलांची फाइल, ‘हॅकर्स’ या ईमेल यादीवर पाठवावा लागतो. तो स्वीकारला गेला, की कमिटच्या (कोडमधील बदलाच्या नोंदीच्या) संदेशात ‘डिस्कशन’ अशी ओळ लिहून त्या चर्चेचा दुवा जोडण्याची तिथे रीत आहे. त्यामुळे कोडच्या एखाद्या ओळीपाशी अडलेला माणूस ‘गिट ब्लेम’ ही, ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा चालवून आधी कमिटपर्यंत आणि तिथून मूळ वादापर्यंत पोहोचतो, आणि कोणता पर्याय कोणत्या कारणाने फेटाळला गेला हेही त्याला कळते. स्लॅकच्या मोफत योजनेत २०२२ पासून मागचे ९० दिवसच दिसतात. कोड मात्र वर्षानुवर्षे चालतो.

नवी_शाखा: जतन होते हे मान्य, परंतु वाचते कोण? पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील पीईपी ५७२ या बदल-प्रस्तावावरून ईमेल याद्यांवर पत्रांचा एवढा पूर आला, की प्रस्ताव मंजूर केल्यावर पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकारच सोडून दिला. शिवाय लिनक्स कर्नलच्या (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) यादीवर साध्या मजकुराऐवजी एचटीएमएल स्वरूपातली ईमेल पाठवली तर ती स्वीकारलीच जात नाही. फोनवरची अ‍ॅप्स सहसा तशीच ईमेल पाठवतात, त्यामुळे फोनवरून लिहिणाऱ्या नवख्याला आपले काय चुकले, हे कळायलाच वेळ लागतो. अशा दारातून नवे लोक आत येतील, ही अपेक्षाच फोल आहे.

जुनाजाणता: पूर यादीमुळे आला, हे मला पटत नाही. गो या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘ट्राय’ या त्रुटी हाताळण्याच्या सोयीचा प्रस्ताव २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील इश्यूवर (चर्चापानावर) चर्चेला होता. तिथेही शेकडो प्रतिक्रिया आल्या, आणि जुलैमध्ये तो मागे घेतला गेला. इतक्या लांब इश्यूत गिटहब मधल्या प्रतिक्रिया दडवते, त्यामुळे पानावर शब्द शोधूनही त्या सापडत नाहीत आणि तोच आक्षेप नव्या उत्साहाने पुन्हा मांडला जातो.

काठावरचा: दोघेही जागेवरून भांडत आहात. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात गप्पा झुलिप या चॅट-सेवेवर होतात, पण मोठ्या बदलासाठी आरएफसी, म्हणजे लेखी प्रस्ताव, लिहावा लागतो आणि त्याच्या साच्यात तोटे, इतर पर्याय व अनुत्तरित प्रश्न यांसाठी स्वतंत्र भाग असतात. एवढे लिहून घेतले, तर बोलणे कुठेही होऊ द्यावे.

जुनाजाणता: ‘इतर पर्याय’ हा भाग लिहितो कोण? ज्याला प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा आहे तोच. प्रतिपक्षाचा युक्तिवाद त्याच्याच शब्दांत हवा असेल, तर मूळ चर्चा जपावीच लागेल.

काठावरचा: रास्त आहे. मात्र रस्टमध्ये निर्णयापूर्वी दहा दिवसांचा अंतिम अभिप्रायकाळ असतो, आणि आपले म्हणणे चुकीचे मांडले गेले आहे असे ज्याला वाटते, त्याला ती हरकत प्रस्ताव जिथे सादर होतो त्या पुल रिक्वेस्टवरच नोंदवता येते. तुमच्या प्रकल्पात स्लॅक येवो वा न येवो, ही मुदत आधी ठरवून घ्या.