मदत हवी: शेगावच्या तिकिटाचे एवढे पैसे कसे? लवकर सांगा, उद्याची गाडी हाये

कपाशीवाला
मंडळी, चौघांचं शेगावचं तिकीट काढलं. गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्यानं 2400 घेतले. मागं दीडशेच्या आतबाहेर लागले होते माणशी. रेल्वेनं भाडं वाढवलं का यानं मले लुटलं? ज्याले पक्कं माहीत हाये त्यानंच सांगा. कॅन्सल करायचं असलं तं आजच कराव लागन.

रूळावरून
कुठून शेगाव? कोणता क्लास? कोणती गाडी? तत्काल की साधं? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही. नागपूरहून की भुसावळहून, आम्ही ओळखायचं का?

ठेचाभाकर
गजानन महाराजांच्या दर्शनाले चालले न भाऊ? मग पैशाचा हिशेब काऊन करता. जय गजानन.

कपाशीवाला
धामणगाव रेल्वेवरून, दुसरं कुठून. स्लीपर. महाराष्ट्र एक्सप्रेस. आज सकाळीच काढलं म्हणजे तत्कालच न.

डायनॅमिक
अहो, हे फ्लेक्सी फेअर. 2016 पासून चालू आहे. 10 टक्के सीटा भरल्या की भाडं 10 टक्के वाढतं. उशिरा काढाल तर महागच पडणार. विमानासारखं केलंय सगळं.

रूळावरून
डायनॅमिकराव, ते राजधानी, शताब्दी, दुरांतोला. महाराष्ट्र एक्सप्रेसला कुठलं आलं फ्लेक्सी? नागपूर-मुंबई दुरांतोचं तिकीट काढलं असतं तर तुमचं बरोबर होतं.

कपाशीवाला, साध्या स्लीपरला कमीत कमी 200 किलोमीटरचं भाडं धरतात. धामणगाव-शेगाव त्याच्या आतच आहे, म्हणून तुम्ही अकोल्याला उतरा की शेगावला, भाडं एकच. तत्कालला मात्र ही किमान मर्यादा 500 किलोमीटरची आहे. म्हणजे दीड-पावणेदोनशे किलोमीटर जायचं आणि पैसे 500 चे मोजायचे. त्यावर तत्कालचा आकार वेगळा, स्लीपरला माणशी किमान 100. रिझर्व्हेशनचे 20 धरलेलेच असतात. त्यामुळे माणशी चारशेच्या आसपास जातं. चौघांचे सोळाशे झाले. 2400 कसे होतात ते मलाही कळत नाही. तिकिटावर किती छापलंय?

कपाशीवाला
म्हणजे मी शेगावले उतरणार अन् पैसे भरणार मनमाडचे?? हे कुठलं गणित हाये. कापसाचा भाव असा लावा म्हणा, एक क्विंटल दिला तं तीन क्विंटलचे पैसे द्या.

ठेचाभाकर
😂😂 एक नंबर

स्वस्तात_फिरा
मग तिकीट मनमाडपर्यंतचंच काढायचं होतं, पैसे तेवढेच. शेगावला उतरायचं. मी नेहमी असंच करतो.

रूळावरून
त्यानं फायदा काय झाला? पैसे तेवढेच म्हणता न तुम्ही. बर्थ मनमाडपर्यंत अडून राहतो, शेगावहून चढणारा वेटिंगवर बसतो.

स्वस्तात_फिरा
झोप लागली अन् शेगाव गेलं निघून, तर दंड नाही बसत. हा फायदा.

एसटी_जिंदाबाद
तत्कालच्या भानगडीत पडलातच कशाला? एसटीनं जा. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. 65 च्या वर अर्धं, 75 च्या वर फुकट. चौघं कोण कोण आहात, वयं सांगा.

कपाशीवाला
आई 71, मावशी 76, मी अन् घरची.

एसटी_जिंदाबाद
बघा! मावशी फुकट, आई अर्धी, वहिनी अर्ध्या, तुम्ही पूर्ण. चार माणसं दोन तिकिटांत बसली.

कपाशीवाला
दादा, आईच्या गुडघ्याचं मागच्या महिन्यातच ऑपरेशन झालं. बसमधी पाय लांब करता येत नाई. म्हणून तं स्लीपर पाह्यलं. जनरलचे शंभराच्या आत लागतात हे मलेबी माहीत हाये.

रूळावरून
हे आधी सांगायचं होतं हो.

जुनाप्रवासी
वयं टाकलीत ते बरं झालं. सत्तरीच्या आईला 50 टक्के सूट लागते रेल्वेत. बायकांना 58 पासून. फॉर्मवर सिनियर सिटिझनवर टिक केलं नसेल तुमच्या माणसानं.

रूळावरून
ती सूट मार्च 2020 पासून बंद आहे. करोनात बंद केली ती पुन्हा सुरूच केली नाही. आणि ती चालू होती तेव्हाही तत्कालला मिळत नव्हती.

जुनाप्रवासी
आमच्या वेळी मिळत होती. आमच्या वेळी मूर्तिजापूरहून यवतमाळला शकुंतला होती, तिचं तिकीट काढायला कोणाचा मोबाईल लागत नव्हता. गाडी शेतातून चालायची, लोक चालत्या गाडीतून उतरून

ठेचाभाकर
काका, शकुंतलेचा धागा वेगळा काढा, मी येतो तिथं. इथं भाऊचं तिकीट पाहू द्या.

तिकीटखिडकी
उशिरा आलो. मुद्द्याचं विचारतो. (1) तिकिटावर एकूण रक्कम किती छापली आहे? (2) बुकिंगची वेळ किती? (3) कागदाच्या खाली बारीक अक्षरात एजंटाचं नाव-पत्ता आहे, की "पर्सनल युजर आयडी" असं काही लिहिलंय?

कपाशीवाला
थांबा, पायतो. चष्मा आणतो.

कपाशीवाला
सोळाशेच्या वर थोडे. वेळ 11:03. खाली इंग्रजीत हाये, पोरीनं वाचून दाखवलं. पर्सनल युजर आयडीवर काढलेलं तिकीट, विकणं गुन्हा, कलम 143, रेल्वे अ‍ॅक्ट 1989. हे तं त्यानं सांगितलंच नाई.

तिकीटखिडकी
तो कशाला सांगेल! स्लीपरचं तत्काल 11 ला उघडतं. अधिकृत एजंटला पहिला अर्धा तास तिथं बंदी आहे, म्हणजे 11:30 च्या आत त्याला ते काढताच येत नाही. 11:03 ला निघालं त्याअर्थी तुमच्या माणसानं स्वतःच्या, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या, रेल्वेच्या तिकीट साइटवरच्या खासगी खात्यावरून काढलं. अधिकृत एजंटाला नॉन-एसी तिकिटामागं 20 रुपये घेता येतात. यानं पावणेआठशे घेतले. रेल्वेचं भाडं विचित्र आहे हे खरं, पण ते नियमातलं आहे. वरचे पैसे तुमच्या गावच्या माणसाचे.

डायनॅमिक
रेल्वेच्या 139 ला फोन लावा आत्ताच. तीन वर्षांपर्यंत जेल आहे त्याला. अशा लोकांना धडा शिकवलाच पाहिजे.

रूळावरून
आणि आरपीएफनं (रेल्वे सुरक्षा दलानं) ते तिकीटच रद्द केलं तर? उद्या त्या माउलीला गुडघ्यासकट प्लॅटफॉर्मवर बसवणार का? आधी जाऊन येऊ द्या.

डायनॅमिक
म्हणजे चोराला पाठीशी घालायचं.

रूळावरून
फोन तुम्ही लावा की, नाव-गाव तुमचं द्या. दुसऱ्याच्या आईच्या जिवावर क्रांती नको.

तिकीटखिडकी
भांडू नका. कपाशीवाला, कन्फर्म तत्काल रद्द केलं तर एक रुपया परत मिळत नाही, म्हणून रद्द करायचा विचार सोडा. उद्या निदान एकाचं ओरिजिनल आधार जवळ ठेवा. आईला लोअर मिळाला का ते बघा, नसेल तर टीसीला विनंती करा. पुढच्या वेळी खातं पोरीच्या नावानं आधार जोडून काढा, आता तत्कालला ते लागतंच. तारीख आधी ठरली असेल तर 60 दिवस आधी साधं तिकीट काढता येतं, तेव्हा हा तत्कालचा घोळच येत नाही.

कपाशीवाला
60 दिवस आधी मले कसं माहीत रायन की डॉक्टर कधी हो म्हनन. बरं. लोअर एकच हाये, बाकी मिडल-अप्पर. आईले देतो लोअर. धन्यवाद भाऊ.

ठेचाभाकर
तिथं गेल्यावर कचोरी स्टेशनबाहेरचीच खा.

जुनाप्रवासी
स्टेशनवरची जास्त चांगली.

ठेचाभाकर
काका, तुमची शकुंतला बरी हाये.

कपाशीवाला (तीन दिवसांनी)
दर्शन झालं. आई बरी हाये. टीसीनं आधार पाह्यलं फक्त, बाकी काही नाई. परत येताना साधंच निघालं, लोअर एकबी नव्हता, खालच्या सीटवाल्या बाईनं आईले जागा दिली.
सेंटरवाल्याकडे गेलो. ती बारीक अक्षराची ओळ पोरीनं मोठी करून प्रिंट काढून देल्ली होती, ती त्याच्या काउंटरवर ठेवली. आधी म्हणे नेटचे पैसे, मग म्हणे कागदाचे. मग 600 परत केले. बाकी म्हणे राहू द्या, तुमच्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म मीच भरला होता.

डायनॅमिक
तक्रार केली का नाही?

कपाशीवाला
गावात एकच सेंटर हाये दादा.

वर्धेकर
इथंच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. वर्धा ते कळंब जी नवी गाडी सुरू झाली, ती रोज असते का? तातडीनं हवंय.

रूळावरून
कोणत्या दिवशी जायचंय?