पाऊस नाही, नळ नाही, तरी नव्या बांधकामात पाण्याची डबकी?

उलवेकर_७७:
नमस्कार मंडळी. उलव्यात साडेबारा टक्क्यातल्या (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) प्लॉटवर आमचं घर चालू आहे, तळ अधिक एक. खालचा स्लॅब भरून महिना झाला, वर ब्लॉकचं काम चालू आहे, खाली नुसता कोबा, प्लास्टर नाही, प्लंबिंग तर अजून सुरूच नाही. आठवडाभर पाऊस नाही तरी रोज सकाळी गेलं की हॉलमध्ये दोन डबकी आणि जिन्याखाली एक. परातीएवढं तरी असेल. स्लॅबला खालून ओल दिसत नाही म्हणून डोकं चालेना. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो हवा दमट आहे, घर सादळतंय. आई म्हणते वास्तुशांत आधी करून घ्या. नक्की काय असेल?

साइटवाला_ठाणे:
सादळून परातभर पाणी साचत नाही हो दादा, ओलसर होतं फार तर. हॉलमधली डबकी बरोबर फॅन बॉक्सच्या (पंख्यासाठी स्लॅबमध्ये बसवलेल्या डब्याच्या) खाली आहेत का ते बघा आधी. स्लॅब भरायच्या आधी लाईटचे पाईप टाकतात ना, त्यांची वरची टोकं बरेचदा उघडीच असतात, वर ब्लॉकना पाणी मारलं की ते पाईपात शिरतं, मधे खोलगट भागात साठतं आणि रात्रभर थेंब थेंब खाली. काँक्रीट कोरडंच दिसणार, पाणी त्यातून येतच नाहीये. कासारवडवलीच्या एका साइटवर आम्ही ह्याच्यापायी स्लॅबला केमिकल मारून बसलो होतो, पैसे गेले ते गेलेच.

पनवेलचा_पाहुणा:
जमिनीतूनही येऊ शकतं, उलवे म्हणजे खाडीकाठ, भरावाची जमीन. दोन बाय दोन फुटाचा प्लास्टिकचा कागद कोरड्या कोब्यावर चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवा. कागद खालून ओला झाला तर ओल जमिनीची, वरून झाला तर हवेची. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर डबक्यातलं पाणी पण मोजा, खाडीचं असेल तर आकडा खूप येईल.

साइटवाला_ठाणे:
कागद बरोबर, मीटरवर जाऊ नका. सिमेंटवर उभं राहिलेलं साधं पाणीही चुना वगैरे ओढून घेतं, आकडा वाढलेलाच येणार. आणि घाबरून पाणी मारणं बंद करू नका प्लीज, काँक्रीट साध्या सिमेंटचं असेल तर किमान ७ दिवस आणि पीपीसीचं (राख मिसळलेल्या सिमेंटचं) असेल तर १० दिवस पाणी मारायचं हे बांधकामाच्या कोडमध्येच आहे, ब्लॉकच्या सांध्यांनाही पाणी हवंच.

उलवेकर_७७:
साइटवाले दादा, पाया पडतो 🙏 मोबाईलचा टॉर्च मारला तर दोन्ही डबकी फॅन बॉक्सच्या खालीच, थेंब लटकलेला दिसला. वर जाऊन बघितलं तर बाल्कनीच्या भिंतीत चार पाईप उघडे आणि बिगारी तिथेच नळी सोडून चहाला. टोप्या लावल्या, तीन दिवस हॉल कोरडा. पण जिन्याखालचं डबकं काही जात नाही, आणि तिथे पुसून कागद लावला तो खालून भिजला.

गवंड्याची_लेक:
जिन्याला लागून जमिनीखालची टाकी आहे का तुमची? भरून ठेवलीय का? रात्री पंप बंद करून आत पाण्याच्या लेव्हलला खडूने रेघ मारा, वर झाकण घट्ट, सकाळी बघा.

उलवेकर_७७:
आहे की! कामाला पाणी लागतं म्हणून रोज टँकरने भरतो तीच. रेघ मारली होती, सकाळी चार बोटं खाली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो टाकीचं शेवटी बघू.

गवंड्याची_लेक:
शेवटी म्हणजे टाइल्स लागल्यावर ना. आत्ताच रिकामी करून आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या, मग परत भरून रेघ मारा, आणि कॉन्ट्रॅक्टरचं बिल तोपर्यंत अडकवून ठेवा. तोवर कामाला ड्रम भरून ठेवा.